बँडमधली पोपटी साडी

सत्त्याण्णव साल असेल, नाहीतर अठ्ठ्याण्णव. बनशंकरीजवळच्या सरकारी मुलींच्या हायस्कूलच्या ग्राउंडवर मी चित्रान्नाचा, म्हणजे फोडणीच्या लिंबू-भाताचा, डबा घेऊन गेले होते. डबा द्यायचा आणि परत यायचं, एवढंच काम... पण त्या दिवशी मी गळ्यात ड्रम अडकवून पाहुण्यांच्या पुढे चालले.

डबा माझ्या नणंदेचा, शोभाचा. ती तेव्हा नववीत होती. चारशे मीटर पळायची आणि शाळेच्या बँडमधला मोठा ड्रमही तीच वाजवायची.

शाळेला पीटी मास्तर एकच. पळायला शिकवणार तेच, बँड बसवणार तेच, आणि सायन्स एक्झिबिशन आलं की पोरींबरोबर वायरी जोडत बसणारही तेच. माणूस चांगला... पण एक काम कायम दुसऱ्या कामावर जाऊन आदळायचं.

मागच्या वर्षी शाळाशाळांच्या स्पर्धांना पाहुणे उशिरा आले, आणि त्यांना बँड लावून आत आणायची वेळ नेमकी शोभाच्या फायनलची निघाली. ती ड्रम वाजवत राहिली, फायनल तिच्याशिवाय झाली. पुढे कित्येक दिवस घरात आमच्याशी धड बोलली नाही.

म्हणून या वर्षी मास्तरांनी तोड काढली होती... रोबोट. एक्झिबिशनसाठी पोरींनी पुठ्ठ्याचा बनवला होता, वरून चंदेरी कागद. हातात जुन्या मॅटाडोर गाडीच्या वायपरची मोटर, त्यामुळे हात वर-खाली व्हायचा. "पाहुणे आले तरी शोभा पळेल अक्का, ड्रम हा वाजवेल," मास्तर मला कौतुकाने सांगत होते.

मी कन्नडात म्हटलं, सरी, म्हणजे बरं. आपल्याला काय कळतंय, आपण चौथीत शाळा सोडलेली. हायस्कूलच्या आत पाऊल टाकायची माझी ती पहिलीच वेळ.

पाहुणे यंदाही उशिराच आले. गाडी गेटवर थांबली आणि तिकडे माइकवर चारशे मीटर फायनलची नावं पुकारायला लागले. पहिल्या दोघी जिल्ह्याला जाणार होत्या. दुसऱ्या शाळांचे मास्तर थांबायला तयार नव्हते... त्यांनी तरी का थांबावं?

हातगाडीवर रोबोट, त्याच्यापुढे ड्रम, मागे बँडच्या पोरी पांढऱ्या ड्रेसात. मास्तरांनी बटण दाबलं. धम्... मग पुढचा धम् येईपर्यंत चहा पिऊन झाला असता. पोरी एक पाय उचलून वाट बघत उभ्या.

मास्तर म्हणाले, चालू द्या, जमेल. गाडी ढकलली, चाक दगडावर चढलं, रोबोट वाकडा झाला आणि ड्रम सोडून स्वतःचंच पोट बडवायला लागला. पोरी खिदळायला लागल्या.

शोभा लाइनवरून परत पळत आली. ड्रम गळ्यात अडकवला आणि उभी राहिली. माइकवर तिचं नाव पुन्हा पुकारलं... ही नुसती तिकडे बघतेय. मला असलं बघवत नाही. बोलायचं तर बोला, जायचं तर जा.

"काढ तो. दे इकडे," मी म्हटलं.

"वहिनी, तुला कुठं येतंय?"

"महिनाभर माझा तांदळाचा डबा कोण बडवत होतं? जा आधी तू."

ते खरंच होतं. रोज संध्याकाळी ती डबा वाजवायची, मी शिव्या द्यायचे आणि त्याच ठेक्यात चपात्या लाटायचे. ठेका माझ्या हातात बसला होता, मला विचारून थोडाच बसला.

मास्तर साडीकडे बघत राहिले. "अक्का, बँडला युनिफॉर्म असतो..."

"मग घाला तुमच्या रोबोटला," म्हटलं, आणि पदर खोचला.

ट्रॅक आमच्या पाठीमागे होता. मला काही म्हणजे काही दिसत नव्हतं. शिट्टी ऐकू आली, मग पोरींची आरडाओरड... पाहुणे मात्र प्रत्येकाला नमस्कार करत, हार सावरत, मुंगीच्या पावलांनी येत होते.

माझा हात काही त्यांच्या चालीने चालेना. ठोका वाढत गेला, पोरींचे पाय वाढत गेले, मागे पाहुण्यांनाही ढांगा टाकाव्या लागल्या. "अक्का, स्वल्प हळू!" मास्तर बाजूने कुजबुजत होते. हळू मला कधी जमलंय?

पाहुणे स्टेजवर पोचले तेव्हा त्यांना धाप लागली होती, आणि मलाही. ड्रम काढते तोवर शोभा आली. लाल मातीने पाय माखलेले, तोंडाला घाम.

"विचारणार नाहीस कितवी आले?"

"सांगशीलच की."

"दुसरी." आणि तिथेच फतकल मारून तिने डबा उघडला. घास तोंडात ठेवूनच म्हणाली, "शेवटच्या वळणावर पाय संपले होते गं. पण तुझा ड्रम ऐकू येत होता. तू एवढी घाई लावलीस की थांबायला मिळेचना."

जिल्ह्याला ती सहावी आली, पुढे काही झालं नाही. पण पुढच्याच आठवड्यात मास्तरांनी आणखी एका पोरीला ड्रम शिकवायला घेतला. रोबोट एक्झिबिशनला गेला, पोटाला नवा कागद लावून.

काल शोभाने घरच्या ग्रुपवर त्या दिवसाचा फोटो टाकला. पांढऱ्या ड्रेसातल्या पोरींच्या पुढे एक पोपटी साडी, पायात झिजलेल्या चपला, तोंडावर राग.

घाई करते म्हणून माहेर-सासर दोन्हीकडे आयुष्यभर बोलणी खाल्ली. अजून खाते... पण एकदा ती घाई पोरीच्या पायात उतरली. मला तेवढं पुरतं.