हळदीला आलेले वसुलीवाले

माझ्या मुलाच्या हळदीचा व्हिडिओ देशाच्या खासदारांनी बसून बघितलाय. फेकत नाही. आमच्या कोन गावात कुणालाही विचारा, आणि विचारलं नाही तरी आमचे थोरले दीर तुम्हाला रस्त्यात अडवून सांगतील. त्या व्हिडिओत त्यांचा आवाज आहे ना, म्हणून.

आधी घराचं सांगते. जुनं कौलारू पाडून आम्ही त्याच जागेवर पक्कं घर बांधलं, आणि त्यासाठी ते घरच एका फायनान्स कंपनीकडे गहाण ठेवून कर्ज काढलं. ह्यांचा टेम्पो होता. नारपोलीच्या लूमच्या कारखान्यांतून कापडाचे तागे उचलायचे आणि गोदामात टाकायचे, हा धंदा. हप्ता कधी चुकला नाही. मग एक दिवस माल उतरवताना हे टेम्पोवरून खाली आले आणि मांडीचं हाड मोडलं. टेम्पो दारात, हे खाटेवर. मी ब्लाउज शिवते, पण शिलाईवर चूल पेटते, घराचा हप्ता निघत नाही. हप्ते थकले.

मी काही तोंड लपवून बसले नाही. धामणकर नाक्याला कंपनीची शाखा आहे, तिथे जाऊन सरळ म्हटलं, "ह्यांचा पाय बरा होईपर्यंत मुदत द्या, आम्ही बुडवणारी माणसं नाही." काचेमागचा माणूस म्हणाला, "मॅडम, सिस्टीममध्ये तसा ऑप्शनच नाही." मी म्हटलं, "मग त्या सिस्टीमला बोलवा बाहेर, मी बोलते तिच्याशी." तो हसला. मला हसू आलं नाही. थोड्याच दिवसांत घराच्या जप्तीची नोटीस आली, आणि नेमकी तेव्हाच मुलाच्या लग्नाची तारीख धरलेली.

आता बघा. सून ज्या घरात यायची, तेच घर जायची वेळ आली. व्याह्यांना सांगितलं नाही. त्यांनी घर बघून मुलगी दिली नव्हती, माणसं बघून दिली होती, हे मला नंतर कळलं. तेव्हा मात्र रोज वाटायचं, हे कळलं की लग्न मोडलंच.

आमच्या आगऱ्यांत हळद लग्नापेक्षा मोठी. लग्नाला न आलेला माणूस चालतो, हळदीला न आलेला वर्षभर ऐकून घेतो. मांडव, बेंजो, मटणाची पातेली, व्हिडिओवाला, वरून फिरणारा ड्रोनवाला, सगळं आलं. आणि माइक. आमच्याकडे आलेल्या मोठ्या पाहुण्याचं नाव माइकवर पुकारून शाल-श्रीफळ द्यायची रीत आहे, आणि ते काम थोरल्या दिरांचं. त्यांचा हिशेब सोपा: ज्याचा शर्ट इस्त्रीचा, तो मोठा पाहुणा. त्या दिवशी खरी मोठी पाहुणी एकच होती. माझ्या मामेबहिणीची जाऊ, दूरच्या एका जिल्ह्यातून निवडून आलेली खासदार. बाई एवढी साधी की चपला काढून बायकांत बसली, आणि दिरांना ती दिसलीच नाही.

दिवेलागणीला दोघं जण मांडवात शिरले. इस्त्रीचे शर्ट, गळ्यात कार्ड, काखेत फाइल. मी बघताक्षणी ओळखलं. वसुलीवाले! हातातली हळदीची वाटी तशीच घेऊन मी निघाले. पण दीर माझ्याआधी पोचले.

"या साहेब, या! कुठून येणं झालं?"

त्यातला बारीकसा गोंधळला. त्यानं कंपनीचं नाव घेतलं आणि म्हणाला, "रिकव्हरी डिपार्टमेंट."

झालं! दिरांनी माइक तोंडाशी धरला. "मंडळी, आपल्या मांडवात रिकव्हरी खात्याचे साहेब वेळात वेळ काढून आवर्जून उपस्थित राहिले हायत. त्यांचं शाल-श्रीफळ देऊन स्वागत!" टाळ्या. बेंजोवाल्यांनी लगेच सूर धरला. माझ्या नणंदांना तर काय, पाहुणा कोरा दिसला की हात शिवशिवतात. दोघांच्या गालांना, कपाळाला, कार्डाला सुद्धा हळद. बारीक होता तो लाजत लाजत हसला आणि चक्क नाचायला लागला. नारळ हातात धरून नाचला हो! आणि नाचला पण चांगला.

दुसरा मात्र दगड. तो सरळ ह्यांच्या खुर्चीपाशी गेला. ह्यांचा पाय स्टुलावर, बाजूला कुबड्या. तो म्हणाला, "नाचगाण्याला पैसा आहे, हप्त्याला नाही? या आठवड्यात घराला सील लागणार." बोलला तो हळूच होता, पण दीर शेजारीच उभे होते, आणि त्यांच्या हातातला माइक चालू होता. सगळ्या मांडवानं ऐकलं.

बेंजो थांबला. मी वाटी खाली ठेवली, त्याच्यासमोर गेले. "आज माझ्या पोराच्या अंगाला हळद हाय," मी म्हटलं, "म्हणून तुला वाकडा शब्द बोलत न्हाय. जेवून जा. उद्या ये, मंग माझं तोंड बघ."

तेवढ्यात पलीकडून व्याही उठले. शेजारच्याच गावचे, ते चार माणसं घेऊन आले होते. म्हणाले, "विहीणबाई, हे खरं हाय?"

"हाय," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मला स्वतःचाच राग आला.

त्यांनी लगेच फोन काढला, मुलीला लावला, दोन शब्दांत सगळं सांगितलं आणि फोन माझ्या हातात दिला. मी म्हटलं, आता ऐकायचं. तिकडून पोरगी म्हणाली, "आई, घर गेलं तर भाड्यानं बघू ना. पण आमची हळद कधी धाडताय? इथं सगळ्या खोळंबल्यात." मुलाला लावलेली हळद मुलीकडे गेल्याशिवाय तिची हळद सुरू होत नाही, आणि तिला पडली होती त्याची! मी रडता रडता हसले. व्याह्यांनी बेंजोवाल्यांना हात केला आणि पुन्हा असा काही दणका सुरू झाला की कोन काय, खाडीपलीकडे ऐकू गेला असेल.

खासदारबाईंनी मात्र त्या दोघांना पानावर बसवलं आणि त्यांच्याशेजारी स्वतः बसल्या. अगदी शांतपणे विचारलं, कुणी पाठवलं, कार्याच्या दिवशीच का, या लोकांना मुदत वाढवून मिळते का हे कुणी सांगितलं का. दगड मान खाली घालून जेवत राहिला. बारीक म्हणाला, "मॅडम, आम्हाला वसुलीचं टार्गेट देतात. बाकी काही सांगत नाहीत." त्याच्या मिशीला हळद तशीच होती. बाईंनी हात धुतले आणि मला बाजूला घेतलं. हप्ते थकलेल्या घरांशी कंपन्या कशा वागतात याची चौकशी करणाऱ्या संसदेच्या समितीत त्या होत्या. समिती मुंबईत येऊन कंपन्यांना बोलावणार होती. "समिती म्हणजे कोर्ट नव्हे," त्या म्हणाल्या, "तुमच्या घराचा निकाल आम्हाला देता येत नाही. पण विचारता येतं. तुम्ही येऊन बोलाल?"

बोलू का म्हणून विचारता? मला गप्प कसं बसवायचं, हा आमच्या घरात पिढीजात प्रश्न आहे.

लग्न झालं. सून घरात आली, तेव्हा जप्तीची तलवार तशीच डोक्यावर. सील लावायला कोणी आलं नाही, पण नोटीसही कोणी मागे घेतली नाही. मुंबईला हे कुबड्या घेऊन निघाले, मी ठेवणीतली साडी नेसले, सून सोबत. तिथे नारपोलीची एक चाची भेटली. तिचंही घर असंच अडकलेलं. मी मराठीत, ती हिंदीत, एकमेकींचं ऐकता ऐकता आम्ही दोघींनी अर्ध्या तासात कंपनीचा पार उद्धार केला.

मोठं टेबल. एका बाजूला खासदार, दुसऱ्या बाजूला कंपनीचे साहेब, सूटबूट, पाण्याच्या बाटल्या. आमच्या कंपनीचा वरचा साहेब गोड आवाजात म्हणाला, "आमच्या कर्मचाऱ्यांना आचारसंहिता आहे. घरगुती कार्याच्या वेळी आमचा माणूस कधीही जात नाही."

खासदारबाई म्हणाल्या, "एक व्हिडिओ दाखवायचा आहे."

आणि पडद्यावर आमचा मांडव! मुलानं तो व्हिडिओ बाईंना आधीच पाठवला होता. दिरांचा आवाज, "रिकव्हरी खात्याचे साहेब आवर्जून उपस्थित", शाल, श्रीफळ, आणि नारळ घेऊन नाचणारा त्यांचा माणूस, वर ड्रोनमधून सुद्धा. खासदारांतले एक आजोबा तर डोळे पुसत हसत होते. पुढे तो दुसरा ह्यांच्यासमोर आला आणि माइकमधून त्याचं ते वाक्य ऐकू आलं. हसणं थांबलं. साहेबाचा गोड आवाज कुठल्या कुठे गेला.

अध्यक्षांनी मला विचारलं, "ताई, कर्ज माफ करून हवंय का?"

माझं टाळकंच सणकलं. "माफ कशाला?" मी म्हटलं. "घर आम्ही राहायला बांधलंय, फुकट घ्यायला न्हाय. ह्यांचा पाय बरा होतोय, टेम्पो सुरू झाला की हप्ता सुरू. मला मुदत पायजे. एवढंच मागायला धामणकर नाक्याला गेले होते, तर म्हणाले सिस्टीममध्ये न्हाय."

अध्यक्ष साहेबाकडे वळले. "मुदत वाढवून द्यायची सोय तुमच्या नियमांत आहे?"

"आहे."

"यांना सांगितली?"

साहेब कागद चाळायला लागले.

"या ताईंना सोडा. अशा किती घरांना नोटिशीआधी ती सांगितली, तेवढं लेखी द्या."

साहेबानं पेन काढून ते लिहून घेतलं. चाचीनं टेबलाखाली माझा हात असा दाबला की बांगडी वाढली. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! पैसे सुटले नव्हते, काहीच सुटलं नव्हतं. पण ज्यांनी मला काचेमागून हसून घालवलं, त्यांना कोणीतरी उत्तर द्यायला लावत होतं, आणि ते मी समोर बसून बघत होते.

नोटीस मागे घेतल्याचं काही दिवसांनी फोनवर कळलं. आमचीही, चाचीचीही. हप्त्यांची मुदत वाढली, वरचा दंड गेला. कागदांवर सह्या घ्यायला कंपनीनं धामणकर नाक्याच्या शाखेचा मॅनेजर घरी पाठवला. मी पाणी आणायला आत गेले, हे खुर्चीत. तो नेहमीच्या सवयीनं उंबरा ओलांडून तसाच आत आला आणि सोफ्याकडे निघाला. सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. घरात आल्यापासून तिचा आवाज कोणी मोठ्यानं ऐकला नव्हता. मला वाटायचं, लाजते.

"साहेब," ती म्हणाली, "घर आता जप्त होणार न्हाय ना?"

"नाही, नाही, मॅडम. तुमचंच आहे."

"मंग बूट बाहेर काढून या."

तो मुकाट्यानं मागे फिरला आणि पायरीवर बसून लेस सोडायला लागला. मी पाण्याचा तांब्या घेऊन तशीच उभी राहिले. म्हटलं, आली! घराची मालकीण आली.