जनीचा त्या वर्षीचा श्वास

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. कितीदा ओठांवर आलं — चहा गाळताना, करंजाड्याच्या आमच्या गॅलरीत कपडे वाळत घालताना — आणि मी दुसरंच काहीतरी बोलून गेले. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनही असेल.

माझं काम तसं गमतीचं. धूर, धूळ, हवा यांचा वाढत्या मुलांवर काय परिणाम होतो याचा अभ्यास. एक-दोन वर्षांचा नाही, मूल पाळण्यात असल्यापासून ते कॉलेजात जाईपर्यंतचा. डोकं चालवणारी मोठी माणसं वेगळी. मी आपली घरोघर फिरणारी. कामोठ्याच्या सोसायट्यांमधली मुलं, न्हावा शेव्याकडे जाणाऱ्या ट्रेलरांच्या रस्त्यालगतची मुलं, आणि डोंगराच्या कडेच्या वाडीवरची — जी दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर राहायला जातात. थंडी सरताना मी प्रत्येकाकडे जायची. उंची, वजन, आणि मग ती प्लास्टिकची नळी. छातीत हवा भरून जोरात फुंकायचं, की आतला काटा पुढे पळतो. तीनदा फुंकायचं, तिन्ही आकडे पत्रकात लिहायचे, सगळ्यांत मोठा तो खरा. वाडीवरच्या बाया नळीला फुंकणी म्हणायच्या आणि मला फुंकणीवाली ताई. मला ते नाव फार आवडायचं.

एक नियम होता. आकडा गेल्या वर्षापेक्षा खाली आला, तर मी फोन करायचा. मग अभ्यासाची गाडी येऊन मुलाला पनवेलला डॉक्टरांकडे नेई. सगळ्या आयांना हे पाठ होतं.

जनी तेव्हा आठ वर्षांची. इतकी जीव तोडून फुंकायची, की फुंकून झाल्यावर मटकन खाली बसायची आणि हसायची. तिची आई भट्टीवर विटा थापायची, बारकी तिचं नाव.

त्या वर्षी त्यांची भट्टी लांब गेली होती. रिक्षावाल्याने फाट्यावर सोडलं, पुढे बांधाबांधानं चालायचं होतं. दुपार होती. वाटेत आंब्याचं झाड, मोहोरानं नुसतं लगडलेलं. पाच मिनिटं टेकू म्हणून बसले. दूर भट्टीचा धूर दिसत होता — निळसर, बारीक, हलतोय की नाही कळू नये असा. सुंदर दिसत होता, काय सांगू! मोहोराचा वास, माश्यांची गुणगुण, डोळे जड झालेले. त्या गुंगीत मला जनी दिसली, गाल फुगवलेली. काटा पुढे सरकताना दिसला. आणि मी पत्रक उघडून लिहून टाकलं.

दमले होते का? नाही. आजारी होते? तेही नाही. उठावंसं वाटलं नाही, इतकंच.

उंची थोडी वाढवली, वजन थोडं वाढवलं. मूल वाढतं तसा श्वासही वाढतो, म्हणून गेल्या वर्षीच्या आकड्यात जरा भर घातली. बरं, एकच आकडा लिहून थांबले असते — पण तीन लिहिले. पहिला कमी, दुसरा चांगला, तिसरा किंचित घसरलेला, कारण तिसऱ्या खेपेला मुलं दमतात. किती कौशल्यानं केलं मी ते! पुढे ऑफिसात सर म्हणाले, तुमच्या पत्रकात एकही रकाना रिकामा नसतो. मी लाजले. हो, लाजले, कौतुक झाल्यावर लाजतात तशी.

पुढच्या वर्षी मात्र गेले. जनीने फुंकलं. काटा जागचा हलला न हलला. ती हसली नाही, गुडघ्यांवर हात ठेवून वाकून राहिली. तिच्या छातीतली शीळ मला ऐकू येत होती. बारकी म्हणाली, "गेल्या साली तुमी आल्या नाय, ताई. पोरीला तवाच धाप लागत व्हती. रोज म्हनायची, फुंकनीवाली ताई आली का गाडी येल."

मी फोन केला. गाडी आली. त्यांच्याबरोबर मीही गेले.

डॉक्टर तरुण होते, भले होते. त्यांनी जनीची छाती तपासली, मग माझी जुनी पत्रकं चाळली. बारकीला विचारलं, त्रास कधीपासून? ती म्हणाली, "दोन सालं झाली." डॉक्टर म्हणाले, "नाही हो, मागच्या वर्षी तर छान होती. हे बघा, ताईंनीच मोजलंय."

बारकीने माझ्याकडे पाहिलं. मी आले नव्हते हे त्या खोलीत आम्हा तिघींनाच माहीत होतं. तिला अक्षर वाचता येत नव्हतं, पण कागदावर काय असणार हे तिला त्या क्षणी कळलं — मला दिसलं कळलेलं. मला फक्त तीन शब्द बोलायचे होते. मी गेले नव्हते. बोलले का? मी टेबलावरच्या काचेखालच्या कॅलेंडरकडे बघत बसले.

बारकी खाली मान घालून म्हणाली, "मंग तसंच आसंल."

डॉक्टरांनी औषधं दिली, तोंडाने ओढायचा पंप दिला. पण दुखणं ताजं आहे असं धरून दिली. पूर्ण तपासणी व्हायला आणखी एक हिवाळा गेला. तोवर छातीचं जे नुकसान व्हायचं ते झालं होतं. जनी आता सतरा वर्षांची आहे. वाडीचा चढ चढताना ती दोनदा बसते. बारकी मला अजून ताई म्हणते, कोरा चहा देते. तो विषय तिने कधी काढला नाही आणि मीही नाही.

परवा ऑफिसात सगळ्या मुलांच्या श्वासाच्या रेषा पडद्यावर दाखवल्या. जनीची रेषा नीट वर चढते आणि मग एकदम कोसळते. सगळे त्या रेषेवर थांबले. भट्टीत वेगळं काही जाळलं का, थंडी जास्त होती का, साथ आली होती का — बराच वेळ चर्चा चालली. सरांनी मला विचारलं, तुम्ही तर दर वर्षी जाता, त्या वर्षात असं काय झालं असेल?

मी म्हणाले, आठवत नाही, सर.