हलणारी रेघ

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आणि सांगायचं तरी काय — की रँडम, म्हणजे कसल्याही क्रमाशिवाय छापलेल्या, आकड्यांच्या पुस्तकाचं पान उलटायचा मला कंटाळा आला?

पण खरं तेच आहे.

कोल्हापुरात तेव्हा विद्यापीठातल्या आमच्या विभागात संगणक नव्हता. गणित भोकं पाडून कार्डांवर उतरवायचं, तो गठ्ठा पुण्याच्या संगणकाकडे पाठवायचा, पंधरा दिवसांनी तो परत यायचा — एक स्वल्पविराम चुकला म्हणून! वैतागून आमचे मार्गदर्शक सर म्हणाले, हातानं करा. आलेखाच्या कागदावर अर्ध्या चौकोनांत नुसते अधिक, म्हणजे शिस्त; उरलेल्यांत अधिक-उणे कसेही, म्हणजे गोंधळ. प्रत्येक चौकोनासाठी पुस्तकातला एक आकडा घ्यायचा, त्यावरून चिन्ह बदलायचं की ठेवायचं ते ठरवायचं, आणि दोन्हींमधली सीमेची रेघ कुठे जाते ते बघायचं. ताळा जमावा म्हणून तेच गणित दोघांनी: एक कागद मी करायचा, एक माझ्याबरोबर संशोधन करणाऱ्या विमलनं. विमल मलकापूरची. घरच्यांनी तिला संशोधनासाठी एकच वर्ष दिलं होतं.

शेकडो फेऱ्या! किती खोडायचं माणसानं? दहाव्या फेरीनंतर मी पान उलटणं सोडलं. दर फेरीला तेच पान, तेच आकडे. मग सीमा हलणार कशी? थिजली. सुबक, सरळ.

विमलची मात्र वेडीवाकडी, कधी इकडे, कधी तिकडे.

सरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. "घाई केलीस की गं, विमल."

"घाई कुठली, सर? ती हलतीयाच की!"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "दर वेळी नवं पान घेतलंस ना?"

"हो," मी म्हणालो.

एवढंच. एक अक्षर. तिचा कागद बाद झाला, वर्ष संपलं, आणि ती पेठ वडगावच्या एका शाळेत शिकवायला लागली. माझी पीएच.डी. झाली.

पुढे विभागात संगणक आला. पहिल्याच आठवड्यात मी तेच गणित चालवलं. सीमा हलली — अगदी विमलच्या कागदावरच्यासारखी. मला काय ते आधी माहीत नव्हतं?

परवा राजारामपुरीत विमल भेटली. "काय हो, अजून त्या रेघेतच अडकलाय काय?" हसत होती. मी पण हसलो — लाज नाही वाटली? वाटली. तरी हसलोच.

विमलचे आकडे बरोबर होते आणि मी सरांशी खोटं बोललो. हे तिला सांगायचं देणं मी लागतो. अजून सांगितलेलं नाही.