साठ दाढा आणि चार मोडलेल्या फाईली

आमच्या तुकडीत वयानं सगळ्यांत मोठी तीच, म्हणून आम्ही तिला ताई म्हणायचो. नऊ वर्षं स्वतःचा दातांचा दवाखाना चालवून मग ती पुढच्या शिक्षणाला आली होती. चार वर्षांची लेक सासूबाईंकडे, सहा तासांच्या अंतरावर.

प्रबंधाचा विषय तिच्या मार्गदर्शक सरांनी दिला होता. दाढेचं मूळ वाकडं असेल, तर रूट कॅनाल करताना आतली नळी साफ करायला हातानं फिरवायची पोलादी फाईल बरी, की यंत्रावर फिरणारी नवी, लवचीक? फाईल म्हणजे सुईएवढी कानस. काढून टाकलेल्या साठ दाढा ताईनं जमवल्या, पारदर्शक ठोकळ्यांत बसवल्या. तीस हातानं केल्या, तीस यंत्रानं. आधीचा आणि नंतरचा एक्स-रे एकमेकांवर ठेवून बाक किती सरळ झाला ते मोजलं. तळघरातल्या बिनखिडकीच्या खोलीत तिचं वर्ष गेलं. अंगठ्याला घट्टा पडला.

निकाल सरांच्या मनासारखाच होता. यंत्राच्या फाईलनं बाक छान राखला, वेळही निम्मा लागला. फक्त तीसपैकी चार दाढांत ती आतच मोडली. पोलादी एकही मोडली नाही.

त्या चार दाढाच खराब होत्या, वगळून टाक, असं सर म्हणाले. ते यंत्र विभागात त्यांनीच आणवलं होतं, त्यावर ठिकठिकाणी व्याख्यानं दिली होती. तोंडावर नाही म्हणणं ताईच्या स्वभावात नव्हतं. ती नुसती सही मागत राहिली, आणि कागद सरांच्या टेबलावर पडून राहिले. सहीशिवाय प्रबंध जमा होईना; परीक्षा हुकली, सहा महिने पुढे गेली. चार आकडे गाळायला काय जातं, असं नवरा विचारायचा. सासूबाई सरळ फोन लेकीच्या हातात द्यायच्या. अजून किती रात्री झोपलं की येशील, असं लेक विचारायची, आणि ताई विषय बदलायची.

"सोडून जावं तर तीन वर्षं पाण्यात," ती एकदा मला म्हणाली. "आणि गाळावेत, तर माझ्या भरवशावर कुणीतरी बिनधास्त यंत्र चालवेल."

एका दुपारी ती नवा ठोकळा घेऊन सरांच्या खोलीत गेली. मी सोबत होते.

"सर, ही दाढ तुम्हीच पारखून घ्या आणि तुम्हीच करा. माझा हात चुकत असेल."

सर तळघरात आले, चष्मा पुसून बसले. त्यांचा हात खरंच हलका होता. पहिल्या दोन फाईली अलगद आत जाऊन आल्या. तिसरीला टक्‌ असा बारीक आवाज झाला आणि बाहेर आली ती अर्धीच.

बराच वेळ ते भिंगातून बघत राहिले.

"गेल्या वर्षी माझ्या एका पेशंटच्या दाढेत अशीच राहिली," ते म्हणाले. "मी त्या बाईंना सांगितलं नाही."

 

दुसऱ्या दिवशी सही झालेले कागद शिपायाच्या हाती आले, चारही आकड्यांसकट. परीक्षेपर्यंत सर तिच्याशी कामापुरतंही बोलले नाहीत.

ताई पास होऊन घरी गेली. लेक आजीच्या मागे लपली. जवळ यायला तिला दोन दिवस लागले.