चार घरं खाली

पप्पांना फसवायचं मी ठरवलं ते चाकणच्या कंपनीत, गेज तपासता तपासता. मी क्वालिटीत आहे. मोजमापात केसभर फरक दिसला तरी माल परत पाठवते, कुणी कितीही गयावया करू दे. निदान माझ्यासारखीने तरी हा उद्योग करायला नको होता.

गळ्याच्या ऑपरेशननंतर पप्पांनी गाणं सोडलं होतं. कारखान्याच्या शिफ्टा सांभाळून ते आयुष्यभर भीमगीतं गायले, आणि तीही काळी चारमध्ये. पेटीवरची ही पट्टी पुरुषाच्या गळ्याला उंच पडते, म्हणूनच त्यांना तिचा भारी तोरा. डॉक्टर म्हणाले, गा, पण ताणून गाऊ नका. पप्पांनी ऐकून घेतलं आणि घरी येऊन सांगितलं, काळी चार लागत नसेल तर गाणं बंद. खालच्या पट्टीत गाणं म्हणजे त्यांच्या लेखी दुसऱ्याचा सदरा घालून लग्नाला जाणं. घरात गुणगुणणंसुद्धा थांबलं. ती शांतता मला सोसत नव्हती.

यंदा जयंतीला संत तुकाराम नगरातल्या जुन्या मंडळींनी त्यांच्या मागे लकडा लावला, एक तरी गाणं म्हणाच. त्यांचे पेटीवाले वारले होते, तेव्हा साथीला मी आणि माझी गिटार. त्याच सुमारास मी गिटारला जोडायचं एक डिजिटल मशीन घेतलं होतं. पायाशी ठेवायचं, पाटाएवढं. त्यात तऱ्हेतऱ्हेच्या अॅम्प्लिफायरचे आवाज भरलेले असतात. शिवाय एक सोय अशी की बोट एका सुरावर ठेवायचं आणि स्पीकरमधून दुसराच सूर काढायचा.

पप्पांना गिटार येत नाही. पण जाड तारेचं चौथं घर म्हणजे काळी चार, एवढं ते माझ्याकडून शिकले होते आणि दर वेळी वाकून खात्री करून घ्यायचे. मोशीच्या माझ्या फ्लॅटवर मी चौथ्या घरावरच बोट ठेवलं, आणि मशीनमध्ये सगळा सूर चार घरं खाली उतरवला. पप्पा आधी दबकत गायले. मग अंतरा घेतला. मग सबंध गाणं. "अजून लागते गं," ते म्हणाले आणि चष्मा काढून डोळे पुसत बसले. मीही रडले. त्या क्षणी मला माझ्या शहाणपणाचा इतका आनंद झाला होता, की आता आठवलं तरी लाज वाटते.

पुढचे तीन रविवार ते न बोलावता बसने मोशीला आले. मी मशीनचा आवाज घासूनपुसून घेतला, त्या उतरवलेल्या सुरासाठी एक बटण पक्कं केलं, वायरी दोनदा तपासल्या. तपासायचं राहिलं ते एकच. ढोलकी.

कार्यक्रमाच्या दुपारी मांडवात मशीन जोडलं. स्टेजवर माझा असा अॅम्प्लिफायर नव्हताच, वायर थेट साउंडवाल्याच्या मिक्सरमध्ये. ढोलकीवाले काका म्हणजे पप्पांचे कारखान्याच्या प्रेस शॉपमधले जोडीदार. पप्पांनी फोनवर सांगितलं होतं त्याप्रमाणे ते घरूनच पान्याने ढोलकी काळी चारला चढवून आले होते. मी पहिला सूर दिला, त्यांनी थाप मारली, आणि दोघांचं काही जमेना. काकांनी मान वाकडी करून पुन्हा ऐकलं.

"पोरी, तुजं मशीन खाली बोलतंय. चांगलं चार घरं खाली हाय."

मी त्यांना बाजूला घेऊन खरं काय ते सांगायला गेले. पण जन्मभर प्रेसच्या दणक्यात उभ्या राहिलेल्या माणसाच्या कानात गुपित सांगता येत नाही. मी कुजबुजले की ते सबंध मांडवाला ऐकू जाईल असं विचारायचे, "आं? कुणासाठी खाली?" पप्पा खुर्चीवरून उठून आले. इकडे आड, तिकडे विहीर. खरं सांगावं तर पप्पा तिथूनच घरी जाणार, न सांगावं तर खऱ्या पट्टीत गाणार. पप्पांनी मशीनकडे बघितलं आणि शांतपणे निकाल दिला, ढोलकी बरोबर आहे, मशीनच वर घे. मी वाकले आणि बटण दाबून उतरवलेला सूर काढून टाकला. माझ्या हातून याहून वाईट काम झालेलं नाही.

संध्याकाळी ते उभे राहिले. धृपद कसंबसं निघालं. अंतऱ्याला आवाज फाटला. त्यांनी पुन्हा घेतला, पुन्हा फाटला. साउंडवाल्याला वाटलं आवाज कमी पडतोय, त्याने माइक वाढवला, तसं ते फाटणंही मोठं झालं. माझा पाय बटणावर होता. दाबलं असतं तर मी एकटी खाली गेले असते, आणि पप्पा ढोलकीबरोबर वर तसेच अडकून राहिले असते. मी नुसती वाजवत राहिले. पप्पा मध्येच थांबले, हात जोडले आणि उतरले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या फार टोचल्या.

घरी जाताना कोपऱ्यावर आल्यावर पप्पा म्हणाले, "तुझ्या घरी लागत होती. मग आजच काय झालं? मशीन बिघडलं असेल."

खरं सांगायची ती शेवटची संधी होती. मी म्हणाले, "हो पप्पा. बिघडलंय."

"मग दुरुस्त करून आण. तोवर नको गाणं."

मशीन माझ्या कपाटात आहे, ठणठणीत. दर रविवारी पप्पांचा फोन येतो, आलं का म्हणून. मी सांगते, अजून पार्ट मिळत नाहीये.