तुझा टूंऽऽ बशिवला

माझ्या लेकीला टीव्हीवर घेतलं ते तिच्या आजीच्या शिव्यांमुळं. हे मी सांगते तेव्हा लोकांना वाटतं बाई चेष्टा करतेय. चेष्टा कसली? नगरला लहान मुलांच्या विनोदी कार्यक्रमासाठी निवड होती. बाकीची पोरं पाठ केलेले विनोद धडाधड म्हणत होती आणि आमची आठ वर्षांची बया कंबरेवर हात ठेवून आजीच झाली. "कुठं उलथली हुतीस गं भवाने? दूध उतू चाललंय आन् तू हुंदडती व्हय? मुडदा बशिवला तुझा!" निवड करणारे खुर्चीवरून पडायचेच बाकी होते. तिथल्या तिथं तिला घेतलं.

माझं माहेर भिंगारचं, वडील मास्तर. आमच्याकडं 'गाढवा' ही सगळ्यात मोठी शिवी, तीही निकालाच्या दिवशी. लग्न होऊन सोनईला गेले तर पहिल्याच सकाळी सासूबाई अंगणातून ओरडल्या, "ऊठ की रं मुडद्या, बायको आलीय घरात." मी हातातला चहाचा कप तसाच धरून बसले. पोटच्या पोराला, तेही नव्या नवरीसमोर, मुडदा म्हणतात म्हणजे काय! पुढं हळूहळू उमगलं की ज्याच्यावर जीव जास्त त्याच्या वाट्याला शिव्या जास्त, असा त्यांचा कारभार. मुलगा, म्हैस, नात, कुणी सुटायचं नाही. परक्या माणसाशी मात्र अदबीनं, या, बसा, च्या घ्या. माझ्याशीसुद्धा सुरुवातीला तसंच गोड गोड चालायचं. एकदा मी भाजी करपवली आणि त्यांनी मला 'सटवे' म्हटलं, तेव्हा नवरा हसून म्हणाला, चला, आता तू घरची झालीस.

नोकरीपायी आम्ही नगरात राहतो, पण शनिवार आला की लेक आजीकडं पळते. त्यामुळं आजीच्या तोंडचं सगळं तिच्या तोंडी. टीव्हीवर नात आपल्यासारखं बोलणार हे ऐकून सासूबाई इतक्या हरखल्या, की कुठली शिवी कुठल्या सुरात द्यायची हे त्यांनी तिच्याकडून घोटून घेतलं. 'मुडदा'वर जोर द्यायचा आणि 'बशिवला' लांबवायचं, ही त्यांचीच शिकवण. त्या स्वतः मुंबईला आल्या नाहीत, म्हशीला कोण बघणार म्हणून.

मी गेले. चित्रीकरणाच्या वेळी समोरच्या प्रेक्षकांत बसले होते. लेक लुगडं नेसून आली, आजीच्या सगळ्या शिव्या तिनं ठसक्यात दिल्या, लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. माझा ऊर भरून आला होता, खोटं कशाला बोलू. मग कार्यक्रम चालवणारा तो बाप्या तिच्याजवळ गेला, खाली वाकला आणि लाडिक आवाजात विचारलं, "काय गं आज्जीबाई, रात्री दार लावून तुझे आईबाबा काय करतात?"

मला वाटलं माझ्या कानात काही तरी झालं. लेकीनं डोळे मोठे करून भाबडेपणानं सांगितलं, "बाबा घोरतात आणि आई त्यांना ढोसते." झालं. लोक फुटले. ढोसते या शब्दावर तर शिट्ट्या आल्या. माझ्या शेजारची बाई डोळे पुसत होती हसून हसून, तिच्या मांडीवर तिचं स्वतःचं पोरगं होतं. लेक मात्र आपण काही तरी झकास बोललो म्हणून खुशीत होती. बाहेर आल्यावर मी तिथं काम करणाऱ्या एका मुलाला गाठून सांगितलं की तो प्रश्न काढून टाका. त्यानं मान डोलावली. मान डोलावण्याचाच पगार असावा त्याला.

कार्यक्रम लागला त्या दिवशी आम्ही सोनईला होतो. सासूबाईंनी शेजारच्या बायका बोलावल्या होत्या, पोह्यांची परात भरली होती. लेक पडद्यावर आली, कंबरेवर हात ठेवला आणि म्हणाली, "टूंऽऽ बशिवला तुझा!" मग पुन्हा, "तुझा टूंऽऽ बशिवला!" मुडदा गायब. त्याच्या जागी ते टूं, आणि पोरीच्या ओठांवर एक धुरकट ठिपका. आणि मग तो प्रश्न आला, रात्री दार लावून वाला, सगळा स्वच्छ, एकही अक्षर न कापता. घोरतात, ढोसते, शिट्ट्या, सगळं.

दुसऱ्या दिवशी मी वाहिनीला फोन लावला. तळपायाची आग मस्तकात गेली होती. पलीकडचा मुलगा फार नम्र होता. म्हणाला, लहान मुलाच्या तोंडी मरणाचे शब्द आले की प्रेक्षक दुखावतात मॅडम, म्हणून मुडदा काढावा लागतो. मी म्हटलं, आणि त्या प्रश्नावर का नाही लावलं टूं? तो खरोखर गोंधळला. "त्यात वाईट शब्द कुठंय मॅडम?" म्हणाला.

खरंच नव्हता वाईट शब्द. आई, बाबा, दार, रात्र. चारही शब्द पहिलीच्या पुस्तकातले.

पण खरा तमाशा पुढंच होता. त्या टूंच्या जागी ज्याला जे सुचलं ते त्यानं घातलं. 'बशिवला'च्या आधी काय काय बसू शकतं याचा अख्ख्या महाराष्ट्रानं विचार केला म्हणायचा. मोबाईलवर तो तुकडा फिरायला लागला. खाली लोकांचे शेरे, हेच का संस्कार, पोरीला असलं बोलायला शिकवणाऱ्या आजीला आधी आत टाका. एका भल्या गृहस्थानं लिहिलं होतं की मुलांच्या तोंडी शिव्या पाहून मान शरमेनं खाली जाते, आणि त्याच वाक्यात त्यानं माझ्या लेकीच्या आईवरून, म्हणजे माझ्यावरून, अशी शिवी हासडली होती की मी मोबाईल पालथा घातला. त्या शिवीवर कुणी टूं लावलं नव्हतं. प्रश्नाबद्दल तर एका माणसानं चकार शब्द काढला नव्हता. मी खालपर्यंत वाचत गेले, कुणी तरी काढला असेल म्हणून.

तिकडं सोनईत दूध घालायला गेलेल्या सासूबाईंना डेअरीवर एकीनं विचारलं, काय वो, नातीला असं काय शिकवलं की टीव्हीवाल्यांनाबी ऐकवंना? चारचौघी हसल्या. सासूबाईंनी सांगितलं की मुडदाच हुता गं बाई, दुसरं काय न्हाई. कुणाला पटलं नाही. मुडद्याला कोण कशाला झाकंल?

पुढच्या शनिवारी आम्ही गेलो तर त्या दारात आल्या आणि लेकीला म्हणाल्या, "ये बाळा. दमलीस का?" पोरगी उंबऱ्यातच थबकली. दिवसभर तेच. बाळा जेव, बाळा बस. लेकीनं मुद्दाम सुपातले निवडलेले शेंगदाणे सांडले, सासूबाई मुकाट्यानं वेचत बसल्या. तिनं चिखलाच्या पायांनी ओट्यापर्यंत ठसे उमटवले, त्यांनी फडकं घेऊन पुसले. संध्याकाळी ती माझ्यापाशी आली, रडवेली होऊन म्हणाली, "आज्जीला मी आवडत नाही आता." मग ती स्वतःच स्वयंपाकघरात आजीपुढं जाऊन उभी राहिली.

"आज्जी, मला शिवी दे ना."

सासूबाईंचा भाकरी थापणारा हात थांबला. त्यांनी तिच्याकडं बघितलं, मग दारात उभ्या असलेल्या माझ्याकडं.

"तू जरा भाईर जातीस का?" त्या मला म्हणाल्या. मी विचारलं, का हो आई? त्यांनी पिठाकडं बघत सांगितलं, "तुझ्याम्होरं न्हाई बोलवत आता."

मला कुणी थोबाडीत दिली असती तरी इतकं लागलं नसतं. मी काय केलं होतं? एक शब्द बोलले नव्हते त्यांना. पण मी मास्तरांची लेक, शिकलेली, शहरातली, चांगलं बोलणारी. त्यांच्या मनात मी त्या टूं लावणाऱ्या लोकांतच जाऊन बसले होते. मी अंगणात आले. मागं त्यांनी दार लोटून घेतलं.

हीच बाई म्हशीला हाक मारायची तर गल्लीच्या टोकाला ऐकू जायचं. आता मी दाराला कान लावून उभी, तरी नुसती कुजबुज कळत होती, घरात कुणी आजारी निजलं असावं तशी. मग लेकीचा आवाज आला.

"मोठ्यानं दे ना, आज्जी."

मी थांबले. मोठा आवाज काही आला नाही.