खांबांची बुजवलेली भोकं

मागच्या उन्हाळ्यात सिंदीला दादाच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गंजीला आग लागली. माणसं वाचली, कापूस गेला. छताचे पत्रे खाली आले, पण खांब उभेच होते. लोखंडी पाइपात काँक्रीट भरून बाबांनी ते स्वतःच्या देखरेखीखाली उभे केले होते. दादाला त्यांच्यावरच पुन्हा छत चढवायचं होतं. मी इंजिनिअर आणि घरचीच, म्हणून तपासायला बोलावलं.

होकार द्यायची माझीही फार इच्छा होती. लोखंड तापून मऊ पडलं तरी निवल्यावर बरंचसं बळ परत येतं. आतलं काँक्रीट मात्र एकदा भाजलं की भाजलं. तरी दोन्ही एकमेकांना धरून असली तर खांब पुष्कळदा वाचवता येतो.

समोरच्या बाजूचे खांब वाचण्यासारखे नव्हते. पाइप शिवणीवर फाटले होते, आत हातोडी मारली की भुगा पडत होता. आगीत काँक्रीटमधल्या ओलीची वाफ होते, ती निघून जावी म्हणून बाबांनी प्रत्येक पाइपाला वर-खाली भोकं ठेवली होती. पण हे त्यांनी कुणाला सांगितलं असेल तर शपथ! बघा आणि शिका, एवढीच त्यांची शिकवण. दादानं काय बघितलं, तर भोकांत गांधीलमाश्या घर करतात. बाबांच्या पश्चात त्यानं ती वेल्डिंगनं बंद करून घेतली. दर दसऱ्याला यंत्रांच्या पूजेआधी खांब घासूनपुसून रंगवायचा, हळदकुंकू लावायचा. बाबांच्या वस्तूची त्यानं इतकी निगा राखली, याचंच आता वाईट वाटतं.

मागच्या भिंतीकडचे खांब कुणाला दिसत नाहीत, म्हणून ते तसेच राहिले होते. आग तिथंही तेवढीच होती. पण भोकं उघडी, पाइप धड, ठोकलं तर आवाज भरीव. पण तेवढ्याच खांबांना छत पेलणार नव्हतं.

दादाला म्हटलं, शेड पाडावी लागेल. मागचे कसे टिकले, असं त्यानं विचारलं. मी खरं ते सांगून टाकलं. काहीतरी थाप मारायला हवी होती.

तो बराच वेळ फाटलेल्या पाइपावरून हात फिरवत राहिला.

“म्हंजे मी ध्यान नसतं देल्लं,” तो म्हणाला, “तं बाबाची शेड राह्यली असती.”

असं नसतं रे दादा, मी म्हटलं. पण तसंच होतं, आणि ते त्यालाही कळलं होतं.